न उठणारा अंगठा

सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीतून आरोग्यविम्याचा हप्ता दर महिन्याला सक्तीने कापला जाई. कापताना कुणी अंगठा मागत नसे. अंगठा लागे तो दवाखान्यात, उपचार घेताना.

नरसूबाई येमूल पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी विम्याच्या खिडकीशी आली. तिने विम्याचं कार्ड पुढे केलं आणि मशीनवर अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. मग तिने दहाही बोटं टेकवून पाहिली, पण दिवा काही हिरवा होईना.

खिडकीतले खासनीस साहेब खेकसले, "ठसा उठत नाही, बाई. कार्ड काय, कुणीही घेऊन येईल. हा विमा विडी कामगारांचा आहे. तुम्ही विडी कामगार आहात हे कशावरून?"

नरसूबाईने दोन्ही हात उताणे करून काचेला लावले. बोटांची टोकं गोट्यांसारखी गुळगुळीत होती.

"ठसा उठत नाही यावरूनच, साहेब. चाळीस वर्षं विड्या वळल्यावर बोटावर रेघ राहते होय? माझ्या वयाची कुणी 'जन्मभर विड्या वळल्या' म्हणत आली आणि तिचा ठसा झकास उठला, तर तिला खुशाल हाकला. ती खोटी!"

रांगेतल्या बायकांनीही आपापले हात पुढे केले. साहेबांनी नरसूबाईच्या कागदावर सही केली.

बायका नरसूबाईची पाठ थोपटू लागल्या, पण तिला हसू येईना. गेल्या वर्षी तिच्यासोबत विड्या वळणारी तिची जाऊ राजव्वा याच खिडकीवरून ठशापायी परत फिरली होती आणि महिन्याभरात उपचाराविना वारली. त्या दिवशी नरसूबाई तिच्या शेजारीच उभी होती. साहेब सांगतील तसं, राजव्वाची बोटं पदराने पुन्हा पुन्हा पुसून देत होती.