किडलेल्या मडक्याची पोथी

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा प्रत्येक गावाचा शेर वेगळा होता, आणि घरोघरी हाताची मूठ हेच माप होतं.

त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात एक बाई राहायची. गावाच्या तुरीचं आणि वालाचं बियाणं तिच्या घरच्या रांजणांत ठेवायची रीत होती, पार तिच्या सासूच्या सासूपासूनची. सुगी झाली की लोक बियाणं तिच्याकडे आणून द्यायचे आणि पेरणीच्या तोंडावर घेऊन जायचे. सगळे तिला बियाणेवालीच म्हणायचे.

पण दर साली एक दुःख ठरलेलं. ज्येष्ठात रांजण उघडावेत, तर निम्मं बी भुंग्यांनी पोखरलेलं. दाण्याला सुईच्या टोकाएवढं भोक आणि आत नुसतं पीठ. लोक तिला बोलायचे नाहीत. मुकाट्यानं अर्धी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन जायचे, आणि निम्मी वावरं पडीक राहायची. ते न बोलणंच बियाणेवालीला जास्त लागायचं.

एका साली तिच्या अंगणात एक धनगरीण उतरली. पोखरलेलं बी बघून म्हणाली, "बाई, आम्ही घोंगड्यांवर राख भुरभुरतो. किडा फिरकत नाही. बघ की करून."

दुसरी कोणी असती तर तिनं लगेच साऱ्या रांजणांत राख ओतली असती आणि गावभर सांगत सुटली असती. खोटं कशाला बोलू, मी तरी तेच केलं असतं. पण ही बाई वेगळी. तिनं स्वतःच्या घरचं बी काढलं आणि एकाच मापाच्या आठ मडक्यांत भरलं. चार मडक्यांत गोवरीची वस्त्रगाळ राख घातली, मडक्यामागे चार मुठी. उरलेली चार तशीच ठेवली. आठही मडक्यांची तोंडं एकाच मातीनं लिंपली, आठही एकाच खोलीत ठेवली. कोणत्या मडक्यात काय, ते भिंतीवर गेरूनं लिहून ठेवलं.

ज्येष्ठात उघडून बघते तर बिनराखेची चारही पोखरलेली. राखेची चारही स्वच्छ, दाणा न् दाणा टणक.

तरी ती गप्प राहिली. "एका सालाचं काय घेऊन बसायचं? त्या साली भुंगेच कमी असतील," असं म्हणून दुसऱ्या साली तिनं पुन्हा आठ मडकी मांडली. मग तिसऱ्या. मग चौथ्या. भिंत गेरूनं लाल झाली.

चौथ्या साली ती गावच्या जाणत्यांना म्हणाली, "गावाच्या रांजणांत राख घालू का?" जाणत्यांनी माना हलवल्या. "अख्ख्या गावाचं पेरणीचं बी आहे, बाई. सभेची मोहोर आण, मग घाल."

ही सभा म्हणजे राजधानीतली पारख-सभा. राज्यात कोणाला काही नवं, उपयोगाचं सापडलं, तर त्यानं ते पोथीत लिहून सभेकडे पाठवायचं. तीन पारखी ती पोथी वाचायचे. पटली तर मोहोर, म्हणजे सभेचा शिक्का, लागायची, आणि तिच्या नकला गावोगावच्या चावडीवर वाचल्या जायच्या. नियम मात्र कडक. पोथीत आपलं नाव घालायचं नाही, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून लाखेनं बंद करायचं. काय केलं, कसं केलं, किती वेळा केलं, सगळं लिहायचं. आणि एक नियम असा, की पारख्यांनी पोथी शंका काढून एकदा परत पाठवली तर दुरुस्त करून पुन्हा पाठवता येई. दुसऱ्यांदा परत आली, की ती गोष्ट सभेत कायमची मिटली.

बियाणेवालीनं ठरवलं, पाचवं साल बघायचं आणि पोथी लिहायची.

आता तिच्या शेजारणीची ओळख करून देते. बियाणेवालीहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ही तिला आक्का म्हणायची. चार घरची खबर ठेवणारी, पण मनाची चांगली. हात तर इतके नाजूक, की कासारीण तिच्यासाठी पोरींच्या मापाच्या बांगड्या काढायची. त्याचा आक्काला भारी तोरा. पाचव्या साली बियाणं भरताना बियाणेवालीला ताप चढला. तीन मडक्यांत राख घालून झाली होती, चौथ्याला हात उचलेना. तेव्हा आक्काच पदर खोचून धावली. "तू पड गं. मी घालते. चारच मुठी ना? चारच घालते, मोजून."

ज्येष्ठ आला. मडकी उघडली. राखेची तीन स्वच्छ. आणि चौथं, म्हणजे पाच सालांचं मिळून विसावं मडकं, भुंग्यांनी बुजबुजलेलं.

बियाणेवाली कितीतरी वेळ त्या मडक्यापाशी बसून राहिली. का किडलं, काही केल्या कळेना. राख तीच, माती तीच, खोलीही तीच.

मग ती लिहायला बसली, आणि आक्का तिच्या खांद्यावरून डोकवायला.

"हे काय, त्या धनगरणीचं नाव लिहिलंस? ती काय वाचायला येणार आहे?"

"पहिला शब्द तिचा होता, आक्का."

"आणि ते शेजारच्या राज्यातही अशीच सभा आहे म्हणे. तिकडेपण एक पाठव. जिथं लागेल तिथं लागेल."

"एकाच मुलीची सोयरीक एकाच वेळी दोन घरी बोलतात का?"

पुढचं पान वाचून आक्का किंचाळलीच. "अगं, हे किडलेलं मडकं कशाला घातलंस? विसातली एकोणीस चांगली निघाली, एकाचं कोण विचारतंय? पारखी बोट ठेवतील ना नेमकं तिथंच! पाच सालं राबलीस, ते सगळं त्या एका मडक्यापायी मातीत घालशील. गावाच्या बियाण्याचं तरी बघ!"

बियाणेवालीचा हात थांबला. आक्काचं बोलणं काही खोटं नव्हतं. मोहोर लागली नाही, तर पुढच्या ज्येष्ठातही अर्ध्या पाट्याच डोक्यावर जाणार होत्या. ते पान काढून टाकलं असतं, तर कोणालाही कळलं नसतं.

"आक्का," ती शेवटी म्हणाली, "माझी पोथी वाचून उद्या कुणी आपलं सगळं बी राखेत घालील. त्याचं मडकं किडलं, तर तो काय म्हणेल? हिला ठाऊक होतं आणि हिनं सांगितलं नाही." आणि तिनं लिहिलं, "विसावं मडकं किडलं. कारण मला ठाऊक नाही."

पोथी हरकाऱ्याच्या हाती राजधानीला गेली. दिवाळीच्या सुमाराला परत आली. मोहोर नव्हती. दोन पारख्यांनी 'ठीक' एवढंच लिहिलं होतं. तिसऱ्यानं मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"पोथी नेटकी आहे. पण तुम्ही चार मुठी राख म्हणता, ती मूठ कुणाची? माझी मूठ पैलवानाची आहे, माझ्या सुनेची चिमणीएवढी. आम्ही दोघांनी तुमचं ऐकायचं, तर किती राख घालायची? आणि विसावं मडकं का किडलं ते ठाऊक नाही असं तुम्ही उघड लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. सगळंच चांगलं झालं असं सांगणारी पोथी आली की मला धास्ती वाटते. आता कारणही शोधा."

आक्काचा पारा चढला. "कोण हा खुळा? मूठ म्हणजे मूठ! याच्या घरी मीठ कसं घालतात भाजीत?"

बियाणेवालीलाही वाईट वाटलं. का वाटू नये? पाच सालांची मेहनत, आणि कुणी विचारतो मूठ कुणाची. तिनं पोथी कोनाड्यात टाकली आणि दोन दिवस तिकडं बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी राग जरा निवला, तेव्हा पोथी काढून पुन्हा वाचली. पुन्हा वाचताना ती एकदम ताठ झाली.

"आक्का! जरा इकडं या. हात पुढं करा बघू."

"आता काय, हात बघतेस माझा?"

बियाणेवालीनं स्वतःच्या चार मुठी राख एका वाटीत टाकली. वाटी काठोकाठ भरली. मग ती रिकामी करून त्याच वाटीत आक्काला चार मुठी टाकायला लावल्या. वाटी अर्धीच भरली.

आक्का त्या वाटीकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ते मडकं माझ्यामुळं किडलं?"

"तुमच्यामुळं नाही, आक्का. मी मूठ म्हटलं म्हणून. तुम्ही अगदी चारच घातल्यात, मोजून. चुकलं ते माझं माप."

कारण सापडलं, पण आता माप कुठलं लिहायचं? शेर लिहावा, तर ह्या गावचा शेर त्या गावाला चालत नाही. वाटी लिहावी, तर वाट्या घरोघर वेगळ्या. बियाणेवाली चार दिवस त्याच विचारात. पाचव्या दिवशी सकाळी आक्का उसनं पीठ परत करायला आली, हातात बियाणेवालीचीच वाटी.

"माझी वाटी घरी आहे गं, पण ती तुझ्याहून लहान. ज्या वाटीनं नेलं त्याच वाटीनं आणलंय, बघून घे. नाहीतर म्हणशील, आक्कानं कमी दिलं."

बियाणेवाली पिठाकडं न बघता वाटीकडंच बघत राहिली. मग हसली. "आक्का, तुम्ही माझं कोडं सोडवलंत." वाटी लहान असो की मोठी, बी आणि राख एकाच वाटीनं मोजली की झालं! तिनं मोजून पाहिलं. मडक्यात बी होतं चार वाट्या, आणि तिच्या चार मुठी राख म्हणजे एक वाटी. चार भाग बी, एक भाग राख. वाटी ज्याची त्यानं घ्यावी.

पण ती तेवढ्यावर थांबली असती, तर ती बियाणेवाली कसली! त्या फाल्गुनात ती बारा घरी गेली. ज्याच्या त्याच्या हातानं, ज्याच्या त्याच्या वाटीनं मडकी भरून घेतली. लोहाराच्या घरी परातीएवढं भांडं निघालं, म्हणून मडकंही मोठं आणावं लागलं. आक्कानंही एक भरलं, स्वतःच्या चिमुकल्या वाटीनं. भरताना तिचे ओठ हलत होते. बहुतेक देवाचं नाव घेत असावी.

ज्येष्ठात बाराही मडकी गावासमोर उघडली. आक्कानं आपल्या मडक्याच्या वेळी डोळेच मिटून घेतले. बाराही स्वच्छ होती.

बियाणेवालीनं पारख्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर लिहिलं आणि पोथी पुन्हा पाठवली. किडलेल्या मडक्याचं पान तिनं आताही काढलं नाही. उलट खाली जोडलं, "हे मडकं शेजारच्या आक्कांनी मदतीला येऊन भरलं. ते किडलं म्हणूनच खरं माप सापडलं. त्यांचे आणि शंका काढणाऱ्या पारख्यांचे उपकार आहेत."

आक्कानं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, राज्यभर बदनामी करतेस का माझी!"

ह्या वेळी पोथी परत आली ती मोहोर घेऊनच. तिसऱ्या पारख्यानं खाली एकच ओळ लिहिली होती, "माझ्या सुनेनं आणि मी, दोघांनी भरून पाहिलं. दोघांचंही बी शाबूत."

मग राज्यातल्या गावागावांत ती पोथी वाचली गेली. पुढच्या फाल्गुनात गावाच्या रांजणांत राख पडली, आणि त्यानंतरच्या ज्येष्ठात कित्येक सालांनी पहिल्यांदा पाट्या भरून घरी गेल्या. एकही वावर पडीक राहिलं नाही.

चावडीवर पोथी वाचली गेली, तेव्हा आक्का सगळ्यांत पुढं बसली होती. किडलेल्या मडक्याचं पान आलं, तशी ती उठून उभी राहिली, मागं वळली, आणि बांगड्या वाजवत साऱ्या गावाला म्हणाली, "ते मडकं माझं बरं का!"

मुलांनो, मोठ्यांनो, या गोष्टीचा बोध एवढाच: आपल्या कामातलं चुकलेलं लपवू नये आणि शंका विचारणाऱ्यावर रुसू नये, कारण त्या दोघांमुळेच काम पक्कं होतं.