गिरकी परी आणि उलटी प्रदक्षिणा

शेवंतीगड नावाच्या इवल्याशा संस्थानात बकुळा नावाची एक मुलगी होती. तिच्याकडे एकच परकर होता, आणि तोही पूर्वी पडदा होता. राजवाड्याच्या बागेमागे एका खोलीत ती आणि तिचे बाबा मल्हारी राहत. मल्हारी नाचघराची लाकडी जमीन मेण लावून घासायचे. त्यांचा गुडघा ठणकायचा, म्हणून निम्मी जमीन बकुळाच घासायची. पायाखाली काथ्या धरून ती सर्रकन इकडून तिकडे जायची, आणि जमीन मधासारखी सोनेरी सोनेरी चमकायची.

शेवंतीगडात नाचघर कशाला, असं कुणी विचारेल. राजेसाहेब व्हिएन्नाला जाऊन आले होते. लोक काशीहून गंगा आणतात, त्यांनी वॉल्ट्झ आणला. हा जोडीनं करायचा नाच. तीन ठेके, पहिला जड, पुढचे दोन हलके, आणि गिरक्या घेत घेत दालनभर फिरायचं. सोबत त्यांनी एक लखलखतं झुंबर, चार व्हायोलिनवाले आणि फ्रान्झसाहेब नावाचे सडसडीत नृत्यशिक्षक आणले. फ्रान्झसाहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून कारभारी नागोजीरावांना दुभाषे नेमलं. नागोजीरावांना व्हिएन्नाची भाषा येत नव्हती, पण तसं सांगायची त्यांना लाज वाटली.

शिकवणी सुरू झाली आणि रोज नाचघरात सरदारांचा ढीग पडू लागला. एकाची पगडी दुसऱ्याच्या पोटाखाली, तिसऱ्याची मिशी चौथ्याच्या बटणात.

शेजारच्या संस्थानातले पाहुणे हा नाच बघायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी राजेसाहेब कडाडले, "असं का होतं?"

नागोजीरावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. जमिनीला बोलता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "सरकार, जमीन निसरडी केलीय त्या मल्हारीनं!"

झालं. उद्या पाहुणे गेले की मल्हारीनं खोली रिकामी करून चालतं व्हावं, असा हुकूम निघाला.

"कुठं जायचं, बाबा?" बकुळानं विचारलं.

"बघू, बकू," असं म्हणून बाबा गुडघा चोळत बसले. त्यांना माहीत नव्हतं.

बकुळा बागेत गेली. जांभळीखाली झुंबराचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यातल्या पेंढ्यात काहीतरी रुपेरी फडफडत होतं. बिचारं फुलपाखरू अडकलंय, असं समजून तिनं डोळे पुसले आणि एकेक काडी हळूच बाजूला केली. खिळ्यात अडकलेला पंख सुटला आणि बाहेर आली एक पिटुकली परी! गुलाबी पाकळ्यांचा झगा, दवाच्या थेंबांची माळ, आणि केसांत व्हिएन्नाचा भुसा.

"बाई गं! किती दिवसांनी अंग मोकळं झालं!" परी म्हणाली. "मी गिरकी परी. झोपले होते ती खोक्यातच बंद झाले. तू मला सोडवलंस, म्हणून तुला तीन वर. पण नियम आहेत हं! पहिला स्वतःसाठी, दुसरा आवडत्या माणसासाठी, आणि तिसरा ज्याचा खूप राग येतो त्याच्यासाठी. तोसुद्धा त्याच्या भल्याचा!"

"शेवटचा नियम वाईट आहे," बकुळा म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात."

दुसरा वर तिनं आधी मागितला. बाबांचा गुडघा बरा होऊ दे. खोलीतून लगेच बाबांच्या शीळ घालण्याचा आवाज आला. मग पहिला वर मागत ती हळूच म्हणाली, "आणि मला वॉल्ट्झ शिकव ना. रोज नुसती त्याची जमीनच घासते मी."

"शिकवते. पावलं मात्र तुझी तुलाच टाकायला लागतील. ती वर मागून मिळत नाहीत." परीनं तिची करंगळी धरली. "आमच्याकडे मोठे लोक पूर्वी लांब उभं राहून बोटाला बोट लावून नाचायचे, जणू समोरच्याला गोवर आलाय! गिरक्या घ्यायची ती खेड्यातली माणसं, धान्याच्या कोठारात. मोठ्या लोकांना आधी त्यांची लाज वाटली, मग त्यांचा हेवा वाटला, आणि मग तोच नाच त्यांनी उचलून महालात नेला."

"म्हणजे हा आमच्यासारख्यांचा नाच?"

"मुळात तुमच्यासारख्यांचाच! चल, एक दोन तीन!"

बकुळा जांभळीभोवती फिरू लागली. परी ओरडली, "उलट, उलट! सगळ्या जोड्या एकाच बाजूनं जातात. डावा खांदा मधल्या बाजूला!"

"अगं बाई! मी तर देवळातल्यासारखी फिरतेय, देव उजवीकडे ठेवून!" बकुळा थबकली. नागोजीरावही रोज ओरडायचे, 'देव उजवीकडे ठेवा!' म्हणजे फ्रान्झसाहेबांकडे बघणारे एकीकडून यायचे, नागोजीरावांचं ऐकणारे दुसरीकडून, आणि मध्ये ढीग! जमिनीचा काही दोषच नव्हता.

हे राजेसाहेबांना सांगायला हवं होतं. पण राजेसाहेबांना भेटायला नागोजीरावांची परवानगी लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कुणीतरी धापा टाकत होतं. बकुळानं फांदीआडून पाहिलं. नागोजीराव तक्क्याला मिठी मारून नाचत होते! राजेसाहेबांनी त्यांना बजावलं होतं, पाहुण्या राणीसाहेबांबरोबर पहिला नाच तुम्ही करा, आणि पडलात तर पगडी इथंच ठेवून घरी जा. ते पडले. तक्क्याही पडला. नागोजीराव तक्क्यात तोंड खुपसून मुसमुसू लागले.

बकुळाला आधी हसू आलं. बरं झालं, असंही वाटलं. मग तिला काल हुकूम ऐकल्यावरचा बाबांचा चेहरा आठवला. यांचाही अगदी तसाच झाला होता.

"परी, यांच्यासाठी तिसरा वर," ती कुजबुजली. "यांची लाज जाऊ दे. म्हणजे लहान मुलीकडून शिकतील."

एक मोतिया ठिणगी नागोजीरावांच्या नाकावर टपकली. त्यांनी डोळे पुसले, बकुळाला पाहिलं आणि सरळ म्हणाले, "पोरी, मला नाचता येत नाही. शिकवतेस?"

"शिकवते, काका. आधी देवळाच्या उलट्या बाजूनं फिरा."

"उलटी प्रदक्षिणा? अगं, पाप लागेल!"

"मध्ये देव कुठाय, काका? मध्ये झुंबर आहे."

नागोजीरावांनी बराच विचार केला. झुंबराला त्यांनी आजवर कधी नमस्कार केला नव्हता. मग ते पाऊल मोजू लागले.

संध्याकाळी नाचघर दिव्यांनी झगमगलं. व्हायोलिनं गाऊ लागली. सगळ्या सरदारांना नागोजीरावांनी दारातच सांगितलं, "उलटे फिरा, बाबांनो!" आणि राणीसाहेबांचा हात धरून ते निघाले. एक दोन तीन, एक दोन तीन! मागून जांभळे शेले, पोपटी शालू, केशरी पगड्या, सगळं एकाच बाजूनं फिरलं, जणू वाऱ्यावर गुलबाक्षीचं शेतच गिरक्या घेतंय. कुणी धडकलं नाही. कुणी पडलं नाही. फ्रान्झसाहेब तर आनंदानं रडायलाच लागले.

"शाब्बास, नागोजीराव!" राजेसाहेब म्हणाले. "कुणी शिकवलं?"

लाज उरलीच नव्हती, त्यामुळे खरं बोलणं फार सोपं गेलं. त्यांनी दाराआडून बघणाऱ्या बकुळाकडे बोट दाखवलं. "या बकुळानं, सरकार. मला व्हिएन्नाची भाषा येत नाही. कधीच येत नव्हती. जमीन उत्तम आहे, चूक माझी आहे. मल्हारीला घालवू नका, घालवायचं तर मला घालवा."

सगळे राजेसाहेबांकडे बघू लागले. मग राजेसाहेब इतके हसले की त्यांनाच धरून उभं करावं लागलं. त्यांनी नागोजीरावांची पगडी त्यांच्याच डोक्यावर नीट बसवली, आणि मल्हारीला ती खोली कायमची देऊन टाकली. बकुळापुढे झुकून त्यांनी हात पुढे केला. "शिक्षकबाई, पुढचा नाच माझ्याबरोबर?"

"नाचते, सरकार. पण उद्यापासून गावातल्या सगळ्या मुलांना इथं नाचू द्याल? मुळात हा त्यांचाच नाच आहे."

"दिलं!" राजेसाहेब म्हणाले.

तेवढ्यात बकुळाच्या खांद्यावर काहीतरी चमचमलं. गिरकी परीनं तिच्या गालाला गाल लावला, आणि एक गिरकी घेतली, मग दुसरी, मग इतकी भराभर की झग्याचा गुलाबी, दवाचा रुपेरी, पंखांचा निळा, सगळे रंग मिसळून नुसता शुभ्र उजेड झाला. तो दालनभर उमलला, प्रत्येकाच्या चेहऱ्याला लागला आणि विरून गेला.

बकुळानं राजेसाहेबांचा हात धरला आणि पहिला जड ठेका घेतला. गोष्ट इथं थांबते. नाच थांबला नाही.