सुमीचा पहिला काप

कागेतानीच्या खोऱ्यात मांसाचं दुकान एकच, आणि तिथे घाईच्या गिऱ्हाइकाचं काम नाही. काळ्या बैलांचं नावाजलेलं मांस, लाल कापात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी, घरी नेऊन शिजवायला जपानभरातून लोक येतात. दुकानदार तोमेकिची आजोबा आधी चहा पाजतात, मग कृती सांगतात. काप पातळ हवा. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, त्यावर चरबीचा खडा फिरवायचा. साखर, सोया सॉस, कांद्याची पात हे सगळं मागाहून. "आणि घरात देव्हारा असेल तर तो उघडा ठेवा. झाकू नका."

इथे शहरी पाहुणे हसतात. आजोबाही हसतात आणि भिंतीकडे बोट करतात. देव्हाऱ्याशेजारी एक कागद टांगलेला असतो, त्यावर बैलाच्या नाकाचा काळा ठसा. खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असा एक कागद आहे. का, असं कुणी विचारलंच, तर आजोबा पुन्हा चहा ओततात.

फार पूर्वी म्हणे इथे बैल नांगराला होता, ताटाला नव्हता. मांसाचा नुसता वास आला तरी घराला विटाळ. वरच्या आळीत जिनपाची नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. त्याची बायको ओकिनू. तिने आईवेगळं झालेलं एक काळं वासरू हाताने पेज पाजून वाढवलं आणि त्याचं नाव ठेवलं सुमी, म्हणजे शाई. सुमी मोठा बैल झाला तरी सवय गेली नाही. दुपार झाली की यायचा आणि स्वयंपाकघराच्या कागदी दारावर नाक दाबायचा. ओला कागद टरकन फाटायचा.

"आलास का मेल्या कागद फाडायला! थांब, देते," ओकिनू ओरडायची, आणि घरातल्या माणसांच्या आधी पेजेची पहिली पळी त्याला द्यायची. फाटलेल्या दाराला ठिगळ लावायला तिने कागदाची एक गुंडाळीच बाजूला ठेवली होती.

एका वर्षी बर्फाने वाट बंद झाली. मुलगी तान्ही, आणि ओकिनूचं दूध आटलं. पोर रडेनाशी झाली, नुसती तोंड उघडून मिटायची. गावात एक औषधविक्या अडकून पडला होता. तो म्हणाला, "काळ्या बैलाची चरबी आईच्या पोटात जाऊ दे. दुसरं औषध माझ्या पेटीत नाही."

जिनपाची खाली मान घालून बसला. शेवटी ओकिनूच म्हणाली, "अहो, उठा. मी सुमीकडे बघत राहिले तर पोर जाईल."

"आणि देव गं?" जिनपाचीने विचारलं.

उत्तर ओकिनूच्या सासूबाईंनी दिलं. "देव्हाऱ्याला कागद लाव. त्यांना दिसलं नाही म्हणजे झालं."

जिनपाची सुरी घेऊन गोठ्यात गेला. ओकिनूने तीच ठिगळाची गुंडाळी घेतली आणि देव्हारा झाकला. भांडी विटाळायला नकोत म्हणून नांगराचा लोखंडी फाळ निखाऱ्यावर ठेवला, सुमीनेच आजवर ओढलेला. त्यावर पहिला काप पडला, चरबी वितळली, आणि घरात असा वास पसरला की लांब बसलेल्या सासूबाई सरकत जवळ आल्या. काप जिभेवर ठेवताच विरघळत होता. ओकिनू पोरीसाठी खायला बसली होती, पण थोड्या वेळाने ती पोरीलाही विसरली. तिघं बोटं चाटत राहिली.

संध्याकाळी दूध आलं. पोर प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी फुस्स झालं. ओकिनूच्या तोंडून सवयीने निघालं, "आलास का मेल्या..." आणि ती थांबली. दाराचा कागद नाकाएवढा ओला झाला होता. फाटला मात्र नाही. तिने दार सरकवलं. बाहेर सपाट बर्फ, खुराचा एकही माग नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी ओल देव्हाऱ्याच्या कागदावर उमटली. आतून. कागद हलके फुगत होता, हलके आत जात होता. कुणीतरी श्वास घेत होतं. पोरीने दूध सोडलं, मान तिकडे वळवली, आणि तिचे हातपाय गार पडू लागले.

"आणखी एक कागद लाव!" जिनपाची ओरडला. तिने लावला. त्यातूनही नाक उमटलं, आणि या खेपेला धुराची काजळी धरून काळं झालं. देवांचे डोळे झाकलेले. आत शिरलेल्याला अडवणार कोण?

पोर हातात थंड होत होती. तिला घेऊन ओकिनू त्या श्वासाकडे बघत राहिली, आणि तिला तो ओळखीचा वाटला. हा रागाने आलेला नव्हता. हा वेळेवर आलेला होता. त्याची पहिली पळी राहिली होती.

तिने दोन्ही कागद काढले. आत काहीच नव्हतं, फक्त देवांच्या नावांच्या लाकडी पाट्या दवात भिजल्यासारख्या ओल्या. तिने उरलेल्या मांसातला काप फाळावर टाकला. मीठ नाही, साखर नाही.

"त्याचंच मांस त्यालाच घालतेस?" सासूबाई किंचाळल्या.

"त्याचं आहे म्हणूनच, सासूबाई."

काप देव्हाऱ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "सुमी, आलास का मेल्या. थांब, देते." वर चढणारी वाफ मध्येच वाकली आणि ओढल्यासारखी आत गेली. काप जागेवरच राहिला, पण पांढराफटक पडला. तेवढ्यात पोर मोठ्याने रडली आणि आईच्या अंगाला झोंबली.

काळा ठसा उठलेला तो कागद ओकिनूने देव्हाऱ्याशेजारी टांगला. आजोबांच्या भिंतीवरचा तो हाच, असं सांगतात. पावसाळ्यात हात लावला तर ओला लागतो म्हणे. आजोबा कुणाला हात लावू देत नाहीत.

आजही कागेतानीत वासरू जन्मलं की त्याचं नाव ठेवतात, नाकाला शाई लावून कागदावर ठसा घेतात, आणि घरी मांस शिजताना पहिला कोरा काप देव्हाऱ्यासमोर ठेवतात. वाफ निवेपर्यंत कुणी तोंडाला काही लावत नाही. तो काप नंतर चाखलेल्यांनी चव सांगितली ती ओल्या कागदाची. पाहुणे निघाले की आजोबा मांसाच्या पुडक्यावर त्या बैलाचं नाव लिहून देतात आणि दारापर्यंत पोचवायला येतात.

"पहिला काप ठेवताना नाव घ्या," ते हसून सांगतात. "तो तुमच्या मागोमाग घरी येणारच आहे. ओळखीचा होऊन आलेला बरा."