कुंच्यांचं तोरण आणि वाट्याची परी

डोंगरांच्या ओंजळीत एक इवलंसं गाव होतं. त्याचं नाव पाळणेवाडी. तिथे पहाटे कोंबड्याच्या आधी बाळंच जागी व्हायची. एक रडलं की शेजारचं रडायचं, शेजारचं रडलं की पलीकडच्या आळीतलं. मग कोंबडा बिचारा मान खाली घालून दाणे टिपायला निघून जायचा.

त्या गावात बहुतेक घरांच्या दारावर तोरण असे. आंब्याच्या पानांचं नाही बरं का, कुंच्यांचं! घरात बाळ जन्मलं की त्याची पहिली कुंची, म्हणजे पाठीवर रुळणारं टोपडं, दारावर टांगायची. कुणाची लाल, कुणाची मोरपिशी, कुणाची टिकल्याटिकल्यांची. वाऱ्यावर हलली की नुसती चमचम! आणि ज्या घराचं तोरण सगळ्यांत लांब, त्या घराने वर्षभर झऱ्यावर आधी पाणी भरायचं. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. झरा गावात एकच. पणजोबांच्या वेळी जेवढी धार होती तेवढीच अजून होती. गाव केवढं वाढलंय, हे झऱ्याला कोण सांगणार?

त्या गावात दुरपी नावाची एक चिमुरडी राहायची. तिच्या अंगावर थोरल्या बहिणीचा झगा, आणि थोरलीच्या अंगावर तिच्याहून थोरलीचा. घरात भावंडं एवढी, की कोंडाआजी हाक मारायला लागली की सगळ्यांची नावं घ्यायची आणि दमून म्हणायची, "अगं तू, तू! जी कोण आहेस ती, इकडे ये!" दुरपीची आई सारजा भाकरीचे तुकडे करायची, मग तुकड्यांचे तुकडे करायची, आणि शेवटी परातीला लागलेलं पीठ बोटाने पुसून म्हणायची, "माझं झालं हो जेवण."

पण दुरपीच्या पोटात भुकेपेक्षा मोठा गोळा होता. तो भीतीचा. धाकटा तानू जन्मला तेव्हा आईचे हात बर्फासारखे गार पडले होते. सुईणबाई आजीला म्हणाली होती, "आता पुरे करा, कोंडाबाई. पुन्हा पाळणा हलला तर ही वाचायची नाही." दुरपीने दाराआडून ऐकलं होतं. आजीनेही ऐकलं होतं. पण आजी उंबऱ्यावर बसून नवी कुंची शिवत होती. गुलाबी, रुपेरी काठाची. गोड दिसत होती, पण दुरपीला तिच्याकडे बघवेना.

"ही कुणाची गं आजी?"

"यायच्या बाळाची! पाटलाच्या तोरणाला आपल्याइतक्याच कुंच्या आहेत. उद्या जत्रेत ही तुझ्या आईच्या ओटीत घालायची. बाळ झालं की झरा आधी आपला! मग सगळ्यांना पोटभर पाणी."

"पण आजी, त्या बाळालाही पाणी लागेल ना?"

"चोंबडी कुठली! जा, कळशी घेऊन जा."

आता ती जत्रा कशी असे, ते ऐका. देवीच्या पारावर बायकांना रांगेने बसवायचं. प्रत्येकीच्या ओटीत रिकामी कुंची घालायची आणि तोंडात गुळाचा खडा ठेवायचा. गूळ विरघळेपर्यंत तिने बोलायचं नाही. तेवढ्यात घरातल्या मोठ्या बाईने विचारायचं, "देवी, पाळणा हलू दे?" आणि जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "हलू दे, हलू दे!" झालं. जिचा पाळणा हलायचा, ती आपली गूळ चघळत बसलेली.

दुरपी झऱ्यावर गेली तेव्हा सगळ्यांनी पाणी भरून नेलं होतं. करवंदाच्या जाळीखाली धार करंगळीएवढी उरली होती. कितीतरी वेळ थांबून तिची कळशी जेमतेम तळाला ओली झाली. तेवढ्यात तिला दगडावर एक शिंजीर दिसला. जांभळट निळा, अंगठ्याएवढा पक्षी. चोच उघडी, डोळे मिटत चाललेले.

"अगं बाई! तुलापण कुणी पाणी ठेवलं नाही का रे?" दुरपीने ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या चोचीपाशी धरलं. त्याने एक थेंब प्यायला, दुसरा प्यायला, आणि लख्खकन उजेड झाला! दुरपीच्या तळहातावर बोटभर उंचीची परी उभी होती. पंख कोवळ्या पानांसारखे तांबूस, लुगडं धुक्याचं, केसांत दवाचे मणी. हसली की सोनेरी भुगा उडायचा.

"मी वाट्याची परी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "तू तुझ्या वाट्याचं पाणी मला दिलंस. आता तू माग. तीनदा माग. पण आधी नियम ऐक हं. मी नवं काही उगवत नाही. तू जे मागशील, ते कुणाच्या ना कुणाच्या वाट्यातून येईल."

दुरपी आनंदाने एवढी फुलली होती, की नियम तिच्या कानावरून निघून गेला. "परीताई, माझा तानू उपाशी असतो. आईला दूध येऊ दे!"

"दिलं," परी म्हणाली. पण ती हसली नाही.

दुरपी धावत घरी आली, तर काय! तानू आईच्या कुशीत चुटूचुटू पीत होता, ओठांवर दुधाचा पांढरा बुडबुडा. आई हसत होती. दुरपी नाचणारच होती, इतक्यात शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला. हंसाकाकूची सोनुली रडत होती, आणि हंसाकाकू कावरीबावरी होऊन दारात उभी होती.

"सारजावहिनी, बघा ना हो! सकाळी चांगलं दूध होतं मला. आता एक थेंब नाही. असं कसं झालं?"

तो नियम आता दुरपीच्या कानात शिरला. सोनुलीचे इवले ओठ वाळले होते, रडून रडून तिचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा बारीक झाला होता. दुरपीने तानूकडे बघितलं, सोनुलीकडे बघितलं, आणि ती उलट पावली झऱ्याकडे पळाली. पळताना रडत होती, रडताना पळत होती.

"परीताई, परत दे! सोनुलीचं तिला परत दे!"

"मग तानू?"

"तानूला मी… मी माझी पेज देईन. पण तिचं तिला दे."

"दिलं," परी म्हणाली, आणि तिने दुरपीच्या गालावरचं पाणी आपल्या धुक्याच्या पदराने पुसलं. "आता एकदाच मागायचं उरलं. शहाणपणाने माग हं, राणी."

दुरपी दगडावर बसली. उद्या जत्रा. उद्या ती गुलाबी कुंची आईच्या ओटीत पडणार. आईला ताकद मागावी, तर ती दुसऱ्या कुणाच्या आईची जाणार. झऱ्याला पाणी मागावं, तर डोंगरापलीकडच्या गावाचा झरा आटणार. मग ती अगदी हळू बोलली.

"माझ्याच वाट्यातून घेतलंस तर? मी नाहीतरी जास्तीचीच आहे, परीताई. आजीला माझं नावसुद्धा आठवत नाही."

परीच्या केसांतले दवाचे मणी एकदम विझले. "असं नको गं बोलूस! आलेलं बाळ कधी जास्तीचं नसतं. वाटणारे चुकतात, बाळ चुकत नाही. तुझा वाटा आईला दिला तर तू एवढीच राहशील. पुन्हा वाढायची नाहीस. चालेल तुझ्या आईला? विचारलंस तिला?"

"आईला?" दुरपी गोंधळली. "आईला कुणीच काही विचारत नाही. तिच्या तोंडात गूळ असतो."

बोलली मात्र, आणि तिचे डोळे चमकले. ती ताडकन उभी राहिली.

"परीताई! कुणी कुणाला विचारलं, तर ते कुणाच्या वाट्यातून जातं का?"

"नाही गं," परी आता पंख फडफडवत हसली. "विचारायला काही खर्ची पडत नाही."

"मग मला तेच हवं! उद्या आईच्या तोंडातला गूळ पटकन विरघळू दे, म्हणजे तिला बोलता येईल. सगळ्यांच्याच आयांचा विरघळू दे!"

दुसऱ्या दिवशी पारावर ऊन सोन्यासारखं सांडलं होतं. हळदीकुंकवाची ताटं, झेंडूच्या माळा, पिपाण्यांचा पीं पीं आवाज. दुरपी गर्दीत शिरून पाराजवळ उभी राहिली. पाटलीणबाई नथ सावरत म्हणाली, "कोंडाबाई, शिवा कितीही कुंच्या! आमच्या तोरणाला हात लागायचा नाही."

"बघाच तुम्ही!" आजीने पदर खोचला. सारजाच्या ओटीत गुलाबी कुंची घातली, तोंडात गुळाचा खडा ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "देवी, पाळणा हलू दे?"

सगळ्या गावाने ओरडायला तोंडं उघडली. त्याच क्षणी आयांच्या तोंडातला गूळ साखरेच्या पाण्यासारखा विरघळून गेला.

"नको," सारजा म्हणाली.

पिपाण्या थांबल्या.

"अगं बया, गूळ गिळलास काय?" पाटलीणबाई ओरडली.

सारजाने मान वर केली. "नको, आत्याबाई. मला भीती वाटते. तानूच्या वेळी मी जाता जाता राहिले. रोज सकाळी पोरांची तोंडं मोजते आणि मनात म्हणते, मी गेले तर यांना कोण?"

आजीचा चेहरा लालबुंद झाला. मग पांढरा झाला. ती तिथेच मटकन बसली.

"मला काय हौस आहे का गं?" ती पुटपुटली. "तुला ठाऊक नाही. माझ्या वेळी तापाची साथ आली. माझी पोरं एकामागून एक गेली. तोरण भरलेलं आणि घर रिकामं! शेवटचा तुझा नवरा तेवढा राहिला. तेव्हापासून वाटतं, अजून एक असू दे, अजून एक असू दे. न जाणो!"

सारजा उठली आणि सासूजवळ जाऊन बसली. "तुमची गेली, आत्याबाई, म्हणून तर ही सगळी मला जगवायची आहेत. तुम्ही मला हात द्या. कुंची नको."

दुरपी आजीकडे बघत होती. आजी आता काय म्हणणार? काठी आपटणार? आईला घराबाहेर काढणार? दुरपी पुढे झाली आणि तिने आजीचा सुरकुतलेला हात धरला.

"आजी, तू आईला विचार ना. देवीला नको. आईला विचार."

आजीने तिच्याकडे बघितलं. "दुरपे," ती म्हणाली. एकाही दुसऱ्या नावावर न अडखळता. मग सुनेकडे वळून तिने घसा साफ केला. "सारजे, पाळणा हलू दे का?"

"नको, आत्याबाई."

"मग नको," आजी म्हणाली, आणि तिने ती गुलाबी कुंची सुनेच्या ओटीतून उचलून घेतली.

बांध फुटावा तसं झालं! हंसाकाकू म्हणाली, "मलाही विचारा. मला आता नको, सोनुली चालायला लागली की मग बघू." पाटलीणबाईची सून हळूच म्हणाली, "मला तर कधीचंच पुरे झालंय." पाटलीणबाईची नथ थरथरली. मग मागच्या रांगेतून मथुरामावशी उभी राहिली. तिच्या दारावर एकही कुंची नव्हती, आणि लोक तिला चुकवून जायचे. लाजत लाजत ती म्हणाली, "मला मात्र हवंय हो एक. अगदी मनापासून हवंय." सगळ्या बायका हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मोठी आरोळी उठली, "मथुरेचा हलू दे!"

त्याच दिवशी झऱ्याचा कायदाही बदलला. ज्या घरात तान्हं किंवा आजारी माणूस, त्यांनी आधी पाणी भरायचं. तोरण कितीही लांब असो नाहीतर नसो.

दुरपी परीला सांगायला धावत सुटली. परी जाळीवर बसून तिचीच वाट बघत होती.

"तुझं मागणं संपलं, राणी. पण माझा स्वतःचा वाटा अजून माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "उजेडाचा वाटा. तो मी कुणालाही देऊ शकते."

"मग तू कुठे जाशील गं?"

"जिथे कुणी कुणाला विचारत असेल, तिथे."

परीने पंख पसरले. आधी ते गुलाबी झाले, मग केशरी, मग पिवळेधम्मक. बघता बघता तिचा झाला नुसता उजेड, आणि तो उजेड करवंदीच्या पानापानांवरून ओघळत, धारेवरून उड्या मारत गावाकडे गेला. दुरपी त्याच्यामागे पळाली. घरात शिरते तर काय, आईच्या फिकट गालांवर लाली चढली होती आणि गार हात उबदार झाले होते.

आजीने चुलीपुढे बसकण मारली. "आज मी भाकरी थापते," ती म्हणाली. "सारजे, तू जरा पड."

"मी? दिवसाढवळ्या?"

"मग काय! पड म्हटलं ना."

आई घोंगडीवर आडवी झाली. तानू तिच्या कुशीत शिरला. दोघांचे डोळे मिटले, आणि घरातली सगळी भावंडं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओठांवर बोट ठेवून एकमेकांना म्हणायला लागली, "श्श… श्श… आई झोपलीय!"