पिंगीच्या बारशानंतर माळावर बारसं का झालं नाही

माळावरच्या त्या कंपनीत गेलात, की उजव्या हाताच्या गार खोलीत काचेमागं मशीनं दिसतात. डेअरीत ठेवायच्या, दूध मोजून चिठ्ठी छापणाऱ्या डब्यांचं सॉफ्टवेअर इथं बांधतात आणि तपासतात. प्रत्येक मशीनवर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव. पण नाव तरी कसलं! बांधणी-एक, बांधणी-दोन, चाचणी-चार, चाचणी-सहा. पाच कुठं गेलं म्हणून विचाराल, तर ते बिघडलं, काढून टाकलं, आणि गेलेल्याचा आकडा दुसऱ्याला देत नाहीत. नेटवर्कवरसुद्धा हीच नावं. दर सोमवारी मशीनांच्या आतलं सगळं पुसून ती पार कोरी करतात. नव्या पोरापोरींना हे सगळं फार रुक्ष वाटतं. मग त्यांना पद्मजाबाईंची गोष्ट सांगतात.

पूर्वी इथं मशीनचं बारसं व्हायचं, म्हणे. अगदी साग्रसंगीत. नवं मशीन आलं की कॅन्टीनमध्ये घुगऱ्या शिजायच्या, खोक्याला हार घालायचा, आणि कंपनीतली वयानं मोठी बाई आत्या होऊन पंख्याच्या जाळीशी वाकायची नि ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायची. मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायच्या. गुंड्या, ठकूबाई, बंडोपंत अशी नावं. सकाळी माणसं एकमेकांना विचारायची, “ठकूचा ताप उतरला का?” सगळ्यांत थोरली चिंगी. कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर चिंगीच्या अंगावर बांधलं जाई आणि तिच्याच अंगावर तपासलं जाई. ज्याला जे लागेल ते त्यानं तिच्या पोटात भरलं. काढलं मात्र कुणीच काही नाही. लाडक्या लेकीच्या पेटीतलं कोण काढतं?

पद्मजा शिरगुप्पे तिथं इंजिनिअर म्हणून लागली. तिची सख्खी आत्या, चंपाआत्या, आंबेओढ्याला दूध संकलन केंद्र चालवायची. पद्मजानं गावातल्या बायकांना एकत्र बसवलं आणि शब्द दिला, की नव्या डब्यातून चिठ्ठी मराठीत निघेल, तुमच्या नावाची, तुमच्या दुधाची. कुणाला विचारायला जायला नको. बायकांनी तिच्या तोंडाकडं बघून होकार दिला. डब्याकडं बघून नव्हे.

डबा बसला. पहिल्याच सकाळी चिठ्ठी निघाली ती नुसते चौकोन घेऊन. नावाच्या जागी चौकोन, लिटरच्या जागी चौकोन, फॅटच्या जागी चौकोन. कुणाची चिठ्ठी कुणाची कळेना. बायकांची जुंपली. तोवर ऊन चढलं आणि कॅनमधलं दूध फाटलं.

पद्मजा कंपनीत सांगायला गेली, तर मकबूल मुजावर नावाचा मशीनं सांभाळणारा गृहस्थ तिलाच चिंगीसमोर घेऊन गेला. “बघा मॅडम, चिंगीवर कसं मोत्यासारखं अक्षर येतंय. तुमच्या गावाकडची लाइटच खराब असंल.”

ती तिथंच खाली बसली आणि शोधत राहिली. तेव्हा तिला उमगलं. मराठी अक्षरं सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच! ती कधीकाळी कुणीतरी चिंगीच्या पोटात भरून ठेवली होती. चिंगी आपल्याजवळची अक्षरं काढून देत होती आणि चाचणी पास होत होती. गावचा डबा बिचारा कोरा. तो कुठून देणार?

ती मालकांकडं, आण्णा उपाध्यांकडं गेली. म्हणाली, चिंगीला पुसून कोरं करू द्या, आत्ता दाखवते. आण्णांनी चष्मा काढला. “अगं, चिंगीला पुसायचं? तिच्या जिवावर आपण उभे राहिलो. दुसरं काहीही माग.”

मग तिनं एक नवं कोरं मशीन मागितलं. ते मिळालं. त्याच दिवशी आंबेओढ्याला बायकांची समजूत घालायला जावं लागलं म्हणून ती गेली. परत येते तो जिन्यातच घुगऱ्यांचा वास. नव्या मशीनला हार, आणि नाव पिंगी. चिंगीची धाकटी बहीण! मुजावरनं चिंगीच्या पोटातलं होतं नव्हतं ते सगळं पिंगीत उतरवलं होतं. “पोरीला रिकाम्या हातानं कशी उभी करायची, मॅडम?” असं म्हणून त्यानं घुगऱ्यांचा द्रोण पुढं केला. असं सांगतात, की पद्मजा तो द्रोण हातात घेऊन तिथंच पायरीवर बसली.

पिंगीवर तपासलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांनी पास म्हणून आंबेओढ्याला धाडलं. तिनं नको नको म्हटलं, ऐकतो कोण? पुन्हा चौकोन. आत्याचा फोन आला. “पद्मे, बायका माज्या अंगावर येत्यात गं. तुज्या शब्दाचं काय करू, लोणचं घालू?”

मग मात्र पद्मजानं कुणाला विचारलं नाही. भर दुपारी, सगळे जागेवर असताना, ती गार खोलीत गेली आणि चिंगी नि पिंगी दोघींना पुसून कोरं केलं. मुजावर धावत आला. “मॅडम, काय केलंत हे!”

“रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या,” ती म्हणाली. “आंबेओढ्यात बायका रडून बसल्यात.”

कोऱ्या चिंगीवर तेच सॉफ्टवेअर चढवलं आणि चिठ्ठी काढली. चौकोन. आण्णांनी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली.

“हेच होतंय तिकडं?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यानंतर अक्षरं सॉफ्टवेअरच्या आतच बसवली आणि कोऱ्या मशीनवर मराठी चिठ्ठी निघाली. आण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की जे मशीन पुसायचं, त्याचं बारसं करायचं नाही. काम आणि आकडा, एवढंच त्याचं नाव. पुसताना हात अडखळेल असं त्यात काही नको. मुजावरनं स्वतः चिंगीवर ‘बांधणी-एक’ची पट्टी चिकटवली. चिकटवताना त्यानं तोंड फिरवलं होतं, म्हणे.

बाकी गावांत डबे बिनबोभाट चालू झाले. पद्मजा नवं सॉफ्टवेअर घेऊन आंबेओढ्याला गेली, पण तोवर बायका पलीकडच्या डेअरीला दूध घालायला लागल्या होत्या. चंपाआत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. डबा परसात, कोंबड्यांच्या खुराड्यावर. पद्मजा म्हणाली, आता नीट चालतोय, एकदा लावून तर बघ. आत्या म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे बाई. त्याच्या आडोशाला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलीया.”

पद्मजा म्हणाली, मग निदान डबा तरी दे, परत नेते. तर आत्या उठून डब्यापुढं आडवी उभी राहिली.

आजही माळावर कुठल्याही मशीनचं बारसं होत नाही आणि सोमवारी पुसताना कुणाचा हात थांबत नाही. आंबेओढ्यात मात्र तो बंद डबा आजही खुराड्यावर आहे. पावसाळ्यात त्याच्यावर पोतं घालतात, दिवाळीत फडकं मारतात, भंगारवाला आला तर बायका त्याला हात लावू देत नाहीत. सगळं गाव त्या डब्याला ‘पद्मी’ म्हणतं.