आत्याची मोजणी

फार जुन्या काळी मिरकी नावाची एक रानउंदरीण होती. एका सकाळी बाहेरून परतताना तिला एवढंच खटकलं, की बिळाचं रोजचं तोंड दिसेना. मग कळलं, शेतात नांगर फिरला होता आणि सातही तोंडं बुजली होती. खाली कोठीत म्हातारी आत्या एकटीच होती.

साठवायला दाणे आणणाऱ्या प्रत्येक पाखराला आत्या वेगळं तोंड दाखवायची. दाणे मात्र घरंगळत एकाच कोठीत यायचे. सातही तोंडं बांधावरच्या बाभळीपासून पावलं नि वळणं मोजायच्या एकाच गुप्त मोजणीने काढलेली होती. "तोंडं विसरलीस तरी चालेल, मोजणी विसरू नकोस. आणि सांगितलीस, तर कोठी ऐकणाऱ्याची," असं म्हणत आत्या ती रोज मिरकीकडून घोकून घ्यायची. ती कंटाळून जायची.

"मला सांग मोजणी, मी वरून शोधतो," त्या पाखरांपैकी एक होला बाभळीवरून म्हणाला. मिरकीच्या ती अगदी ओठांवर आली होती.

"उपकार आहेत, होलादादा. पण मलाच मोजू दे."

पान सळसळलं तरी ती दचकायची आणि पुन्हा बाभळीपासून सुरुवात करायची. तिसऱ्या खेपेला मोजणी पुरी झाली. उकरता उकरता माती आत ढासळली. आत्याच्या त्या रोजच्या कटकटीला मनोमन हात जोडत तिने हाक मारली, "आत्या?"

"आलीस होय," खालून आवाज आला. "मला वाटलं, वळणावर चुकलीस."