पोवळ्याची भावकी

मालवणच्या समुद्रातली प्रवाळं जपणाऱ्या स्वयंसेवकांत नेत्रा कुबल सगळ्यांत भित्री. होडी जरा कलली तरी दचकायची. एकदा ती दाजींच्या होडीतून पाहणी करत असताना रिसॉर्टवाले रावसाहेब बोट घेऊन आले आणि थेट प्रवाळांवर नांगर टाकू लागले.

"नांगर नको, रावसाहेब! त्या तरंगत्या बोयाला दोर बांधा," नेत्रा कशीबशी म्हणाली.

"अगं, खाली नुसते दगड! फुटले तर काय आभाळ कोसळेल?"

नेत्राची नजर त्यांच्या अंगठीवर गेली. "आणि हा तांबडा खडा फुटला तर?"

रावसाहेबांनी मूठ आवळली. "अभद्र बोलू नकोस! मंगळाचं पोवळं आहे. तडा गेला तर अनर्थ होईल!"

"मेलेल्या पोवळ्याला एवढं जपता? खाली त्याच्याच भावकीचं जितंजागतं गाव आहे!"

रावसाहेबांनी नांगर बोटीत ठेवला आणि दोर बोयाला बांधला. होडीवाले दाजी किनारभर सांगत सुटले, "आमच्या नेत्रा चेडवान मंगळाक प्रवाळांच्या राखणेक बसयल्यान!"